मॉडेल रेल्वेच्या डब्यात दिवा कोणत्या रंगाचा? मीटरगेजच्या अजिंठापासून वंदे भारतपर्यंत

मॉडेलचा डबा बाहेरून कितीही जीव ओतून रंगवलेला असला, तरी आत दिवाळीत दुकानावर लावतात तसला निळसर पांढरा उजेड पडला की १९६५चा मीटरगेजचा डबा जागच्या जागी आजचा होऊन बसतो. उलटंही होतं. वंदे भारतमध्ये पिवळा दिवा लावला तर ती गाडी लग्नाच्या हॉलसारखी दिसते. दोष एलईडीचा नसतो. आपण ‘कुठला रंग छान दिसेल’ असं विचारत बसतो, तिथेच वाट चुकते. डब्यातल्या उजेडाचा रंग ठरतो तो त्या डब्यात काय जळत होतं आणि त्याला ताकद कुठून मिळत होती, यावर. म्हणून आधी साल, मग गेज (दोन रुळांमधलं अंतर), मग डब्याचा वर्ग आणि सगळ्यात शेवटी एलईडी. दुकानात जायचं ते हे चारही ठरल्यावर.

साल आणि मार्ग आधी पक्के करा

मराठवाड्यात हा हिशेब जरा सोपा आहे, कारण इथे गेज बदललं की जमानाही बदलायचा. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाच्या काळातला मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर मीटरगेजवर सुरू झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं त्याने जोडली गेली. मनमाडकडून ब्रॉडगेज यायला नव्वदचं दशक उजाडलं. तिकडे लातूरला १९११मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी पोचली होती. येडशी, ढोकीवरून जाणारी ती छोटी गाडी २००० नंतरच्या दशकात इतिहासजमा झाली. म्हणजे औरंगाबाद स्थानकाच्या देखाव्यात १९८०ची ब्रॉडगेज एक्स्प्रेस उभी केलीत, तर दिव्याचा रंग कितीही अचूक असला तरी जाणकार माणूस आधी रुळांकडेच बघणार.

प्रमाणाचं गणित याच टप्प्यावर उरकून घ्या. १:८७मध्ये, म्हणजे मॉडेल मूळ गाडीच्या ८७ पट लहान असेल तर, मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ चालतो आणि बार्शी लाइटसाठी ९ मिलिमीटरचा. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या घडणीचा) ब्रॉडगेज डबा २१.३ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण २४५ मिलिमीटर. एलएचबीचा (नंतर आलेल्या जर्मन घडणीचा) २३.५ मीटरचा, म्हणजे २७० मिलिमीटर. दिव्यांची जागा आखताना हे आकडे लागतात.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गाडी दिवसाची असेल तर दिवे बंदच ठेवा. साध्या डब्यांत दिवसा दिवे लावत नसत आणि आपल्या पठारावर बोगदेही फारसे नाहीत. रात्रीचा देखावा हवा असेल तर अजिंठा एक्स्प्रेससारखी, जालना-परभणी रात्रीत ओलांडणारी गाडी निवडा. दिवसा धावणाऱ्या नांदेड-मुंबई तपोवन एक्स्प्रेसमध्ये दिवे दाखवायचे तर देखावा तरी संध्याकाळचा पाहिजे.

कशाचा उजेड, कसला रंग

रंगाचं माप केल्विनमध्ये असतं. आकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळसर. एलईडीच्या पट्टीच्या रिळावर तो छापलेला असतो, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. त्या-त्या काळाची खरी ज्योत किंवा खरा बल्ब डोळ्यांसमोर ठेवा. आपल्या घरांत त्या वस्तू अजून आहेत.

तेलाचा दिवा म्हणजे साधारण १९०० केल्विन. तो बघायला संग्रहालयात जायची गरज नाही, देवघरातली समई लावा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून समईच्या बाजूला डबा ठेवा आणि खिडकीतला उजेड ज्योतीशी जुळतो का ते बघा. बाजारातला ‘वॉर्म व्हाइट’ (पिवळसर पांढरा) एलईडी तिच्यापुढे पांढराफटक दिसतो, हे पहिल्या नजरेतच कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, बार्शी लाइटसारख्या छोट्या मार्गावरचा डबा करत असाल आणि त्याचा आतला फोटो हाती नसेल, तर तेलाच्या दिव्याचा रंग धरावा. डब्यात असे दिवे एक-दोनच ठेवा, तेही छतात, आणि कोपरे काळोखातच राहू द्या.

मधल्या काळात वायूचे दिवे होते. पिंट्श पद्धतीत तेलापासून काढलेला वायू डब्याखालच्या टाकीत दाबून भरायचे. उघड्या ज्योतीचा उजेड तेलापेक्षा किंचित पांढरा, पण पिवळाच. पुढे जाळीदार मेंटल आलं आणि रंग पालटला. वरातीत डोक्यावरून न्यायचे ती गॅसबत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो रंग सांगायला नको: पांढरट, आणि पांढऱ्यात हिरवटपणाची पुसट झाक. मॉडेलमध्ये ३००० केल्विनच्या एलईडीवर पारदर्शक हिरव्या ग्लास पेंटचा अगदी पातळ हात फिरवला की ती झाक येते. जाड थर दिलात तर औषधाच्या दुकानावरचा हिरवा दिवा तयार होईल.

नंतर आली वीज. लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात १८८१मध्ये बॅटरीवर विजेचे दिवे लागले, पण सगळीकडे विजेचे डबे व्हायला पुढची कित्येक दशकं गेली. सुरुवातीचे कार्बन तारेचे बल्ब २१०० केल्विनच्या आसपासचे, समईपेक्षा जरासेच उजळ. टंगस्टनची तार आल्यावर रंग २४०० ते २७००पर्यंत चढला. मराठवाड्याच्या मॉडेलसाठी सगळ्यात जास्त कामाचा हाच टप्पा आहे.

२४ व्होल्टचा बल्ब

मीटरगेजच्या डब्याखाली डायनॅमो असायचा. चाकाच्या आसावरून पट्टा त्याला फिरवायचा आणि गाडी पळत असताना तो २४ व्होल्टचे दिवे लावून वर बॅटरीही भरायचा. गाडी थांबली की डायनॅमो गप्प, आणि दिव्यांचा सगळा भार बॅटरीवर. बॅटरी जुनी झालेली असली की स्थानकात उभ्या गाडीतले बल्ब तांबूस व्हायचे आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा पिवळे. पूर्णा जंक्शनला क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या पॅसेंजरमध्ये पेपर वाचायची सोय नसायची, ती यामुळेच.

मॉडेलसाठी यातून निघणारी गोष्ट अशी की तारेचा बल्ब मंद झाला की त्याचा रंगही तांबडा होतो. एलईडीचं तसं नसतं. ३००० केल्विनचा एलईडी कितीही मंद केला तरी ३०००चाच राहतो आणि अंधुक उजेडात तो रंग राखाडी वाटू लागतो. म्हणून थकलेल्या बॅटरीचा डबा दाखवायचा असेल तर रेझिस्टर वाढवून भागत नाही, मुळात २२०० केल्विनचा एलईडी लागतो. चांगल्या स्थितीतल्या डब्याला २५०० ते २७०० ठीक. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर घरातला जुना पिवळा बल्ब डिमरवर लावा आणि बटण हळूहळू खाली आणा. शेवटच्या पाव फेरीत जो तांबूस रंग दिसतो, तो आपल्याला हवा आहे.

२२००चं रीळ मिळालं नाही तर २७००च्या एलईडीवर पारदर्शक नारिंगी रंग लावायचा. तामिया या मॉडेलच्या कंपनीचा एक्स-२६ क्लिअर ऑरेंज रंग उत्तम बसतो. तो मिळाला नाही तर स्टेशनरीच्या दुकानातला नारिंगी ग्लास पेंट थिनरमध्ये पातळ करून वापरा. जिलेटीन पेपरही चालतो, पण तो काही महिन्यांत फिका पडतो.

पिवळा एलईडी मात्र अजिबात नको. नाव पिवळा म्हणून माणूस फसतो. तो एकाच तरंगलांबीचा उजेड देतो, म्हणून आतला मरून रंग काळपट होतो, हिरवं रेक्झिन मातकट दिसतं आणि सीटवर बसवलेल्या माणसांच्या चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते. बल्बच्या पिवळ्या उजेडात सगळे रंग असतात, फक्त निळा कमी. म्हणून ‘वॉर्म व्हाइट’च घ्यायचा आणि त्याला रंग देऊन खाली आणायचा.

ट्यूबलाइटचा जमाना

ब्रॉडगेजसोबत ११० व्होल्टचे डबे आले आणि त्यांच्यासोबत ट्यूब. पांढरा, थंड उजेड, ६००० ते ६५०० केल्विनच्या घरातला. पण ‘कूल व्हाइट’चं स्वस्त रीळ आणून चिकटवलं म्हणजे नव्वदच्या दशकातला स्लीपर झाला, असं नाही. ट्यूबच्या उजेडात थोडी हिरवट छटा असते, स्वस्त एलईडीत जांभळट. शिवाय वर्षानुवर्षांच्या धुळीने ट्यूबवरची झाकणं पिवळी पडलेली असायची. मी ५००० केल्विनच्या जवळचा एलईडी घेतो आणि वर ट्रेसिंग पेपरची पट्टी लावतो, तिला एका बाजूने पिवळसर हिरव्या रंगाचा अगदी हलका हात. ६५००चा शुद्ध पांढरा मी फक्त नुकत्याच कारखान्यातून आलेल्या डब्यासाठी ठेवतो.

माणसं बसतात त्या मुख्य भागात ट्यूब असली तरी दरवाजापाशी आणि संडासात पिवळा बल्ब बराच काळ टिकला. डब्याच्या दोन्ही टोकांना पिवळ्या ठिपक्यासारखा उजेड आणि मधे लांब पांढरा पट्टा, हे चित्र त्या काळाचं. दोन्ही टोकांना एकेक २७००चा एलईडी बसवला की बघणारा लगेच म्हणतो, ‘हां, हे बरोबर आहे.’

एका गाडीत सगळे डबे एकाच रंगाचे असलेच पाहिजेत असंही नाही. जुन्या-नव्या डब्यांच्या मिसळीत एका डब्यात बल्ब आणि शेजारच्यात ट्यूब असायची. पण मिसळीला कारण हवं. जुना मरून डबा पिवळा, नंतरचा निळा डबा पांढरा, असं ठेवा. एकाच प्रकारच्या तीन निळ्या स्लीपरांत तीन वेगळे रंग दिसले तर लोक समजतात, रीळ संपलं असेल.

एलएचबी आणि वंदे भारतबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०१८-१९च्या आसपास जुन्या डब्यांतही एलईडी बसू लागले, म्हणजे इथे मूळ आणि नक्कल एकाच जातीचे. ६०००च्या आसपासचा एकसारखा पांढरा उजेड द्या आणि काचा मात्र गडद करा. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला सुरू झालेली वंदे भारत करताना काचेला धुरकट रंग दिला नाही, तर आतला उजेड फार भडक वाटतो.

रात्री दहानंतरचा निळा

स्लीपर किंवा पहिल्या वर्गाचा डबा मध्यरात्रीचा दाखवायचा असेल तर मोठे दिवे बंद आणि निळा नाइट लॅम्प चालू. निळा एलईडी इथे खोटा दिसतो, फार टोकदार निळा असतो तो. खरा नाइट लॅम्प म्हणजे निळ्या काचेआडचा साधा दिवा, उजेड मळकट आणि अशक्त. कूल व्हाइट एलईडीवर निळा ग्लास पेंट लावून १५ ते २२ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. अंधाऱ्या खोलीतही क्षणभर शोधावा लागेल, इतका मंद ठेवा. एखाद्या कप्प्यात कुणीतरी जागं आहे असं दाखवायला एक पिवळा दिवा चालू ठेवला की सगळा डबा जिवंत होतो.

दिवा कुठे बसवायचा

रंग बरोबर आणि पसरण चुकीची, असे डबे मी खूप पाहतो. बल्बच्या काळात छताला सुटे दिवे होते, म्हणून प्रत्येक खिडकीत उजेड सारखा नसायचा. एलईडीची तयार पट्टी सगळीकडे सारखं सारवून टाकते. आयसीएफच्या ७२ बर्थच्या स्लीपरमध्ये नऊ कप्पे असतात. दोन्हीकडचे संडास आणि दरवाजे वगळले तर १:८७मध्ये एक कप्पा साधारण २२ मिलिमीटरचा येतो. मीटरमागे ६० एलईडी असलेल्या पट्टीवर दिवे १६.६ मिलिमीटरवर असतात, म्हणजे कप्प्यांशी ते जुळणारच नाहीत. कुठे दिवा नेमका पार्टिशनच्या डोक्यावर येतो, कुठे एका कप्प्यात दोन येतात. ट्यूबच्या डब्यात ट्रेसिंग पेपर लावून हे झाकता येतं. बल्बच्या डब्यात सुटे एलईडीच लावावे लागतात, कप्प्यामागे एक, अगदी मधोमध.

पहिल्या वर्गाच्या डब्यात एका बाजूला कॉरिडॉर आणि दुसऱ्या बाजूला कूपे असतात. दोन्ही बाजूंच्या खिडक्या वेगळ्या उजळतात, त्यामुळे पार्टिशन आतून अपारदर्शक असायलाच हवं.

खिडक्यांकडेही बघा. हिवाळ्यातल्या रात्री परभणीच्या पुढे कोणी खिडकी उघडी ठेवून झोपत नाही. चार-पाच शटर खाली ओढलेली, एखादं अर्धवट अडकलेलं, असं केलं की सलग पट्टा तुटतो आणि उजेडाचा रंगही जास्त खरा वाटायला लागतो.

जोडणी

बारा व्होल्टची पट्टी दर पाच सेंटिमीटरवर, तीन-तीन एलईडींच्या तुकड्यात कापता येते. आयसीएफच्या डब्याला असे चार तुकडे पुरतात. सरळ जोडले तर मिळून ८० मिलिअँपिअर ओढतात आणि डबा ऑपरेशन थिएटर होतो. मालिकेत एक किलोओहमचा रेझिस्टर टाका, प्रवाह चारेक मिलिअँपिअरवर येतो आणि उजेड माणसात येतो. बल्बच्या डब्याला प्रवाह त्याहून कमी, म्हणजे रेझिस्टर मोठा; ट्यूबच्या डब्याला रेझिस्टर ४७० ओहमपर्यंत उतरवा. अंदाज येत नसेल तर पाच किलोओहमचा प्रीसेट (माप बदलता येणारा रेझिस्टर) लावून फिरवा, मनासारखं झालं की मल्टीमीटरवर मोजा आणि तेवढ्याच मापाचा रेझिस्टर कायमचा बसवा.

सुटे नऊ एलईडी असतील तर तीन-तीनच्या तीन साखळ्या करा आणि प्रत्येकीला ३.९ किलोओहम. १२ व्होल्टवर दर साखळीला एक मिलिअँपिअरच्या आसपास मिळतो. डीसीसीचा (डिजिटल नियंत्रणाचा) रूळ असेल तर रेक्टिफायरनंतर (तो उलटसुलट वीज एकाच दिशेची करतो) व्होल्टेज थोडं जास्त येतं, तिथे ५.६ घ्या.

साध्या डीसीवर, जिथे रुळातलं व्होल्टेज वाढवून वेग वाढवतात, वेगळी अडचण आहे. तीन एलईडींची साखळी नऊ-दहा व्होल्टशिवाय पेटतच नाही, म्हणजे गाडी भरधाव निघाल्यावर दिवे लागणार. तिथे प्रत्येक एलईडीला आपापला रेझिस्टर देऊन समांतर जोडा, मग चार-पाच व्होल्टपासून उजेड दिसतो आणि वेगाबरोबर वाढतो. डायनॅमोच्या डब्याला हे शोभतंही, फक्त थांबल्यावर पूर्ण अंधार होतो, तो खऱ्या गाडीत होत नसे. ते नको असेल तर छतात दाराच्या बेलच्या रिमोटमध्ये असते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि लॅचिंग रीड स्विच, म्हणजे चुंबकाने एकदा चालू केला की चालूच राहणारा. छतावरून लोहचुंबक फिरवला की दिवे चालू.

रुळावरून वीज घेत असाल तर ब्रिज रेक्टिफायर लावाच, नाहीतर गाडी उलटी फिरली की दिवे गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात रुळावर धूळ इतकी बसते की दिवे लुकलुकणारच, त्यासाठी २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर जोडा. चार मिलिअँपिअरवर तो अर्धा सेकंद तरी निभावून नेतो. ट्यूब सुरुवातीला लुकलुकायची म्हणून मॉडेलमध्येही लुकलुकू द्यावी, असं काहीजण म्हणतात. चालू होताना एकदा, ठीक आहे. धावत्या गाडीत ते बिघाडासारखंच दिसतं.

पट्टी छताला चिकटवायला हॉट ग्लू वापरू नका. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत तो मऊ होतो आणि पट्टी सीटवर येऊन पडते. दुहेरी टेप आणि दोन टोकांना एपॉक्सीचा ठिपका पुरे. त्याआधी छताला आणि भिंतींना आतून काळा रंग, त्यावर मूळ डब्यासारखा फिका हिरवा किंवा क्रीम. काळा थर नसेल तर प्लास्टिकच्या भिंतीतूनच उजेड पाझरतो. आणि आतला रंग उजेडावर चढतो हेही लक्षात असू द्या: हिरव्या भिंतींत २७००चा दिवा जरा हिरवट दिसतो, लाकडी पट्ट्यांच्या बाकांत तोच दिवा अधिक तांबूस. म्हणून एलईडी निवडताना तो नुसत्या टेबलावर बघू नका, रंगवलेल्या डब्यात धरून बघा.

फोटो काढताना मोबाइलचा व्हाइट बॅलन्स ५००० केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवला तर मोबाइल समईचा रंगही पांढरा करून टाकतो आणि दोन डब्यांतला फरक फोटोत उरत नाही.

पूर्ण गाडीसाठी लागणारी पट्टी एकाच रिळातून कापा, कारण ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेली दोन रिळं क्वचितच जुळतात. उरलेला तुकडा टाकून देऊ नका. डब्याच्या बुडाला मार्करने साल, केल्विन, रेझिस्टरचं माप आणि कुठला रंग किती पातळ करून लावला ते लिहा आणि उरलेला तुकडा तीच नोंद करून पाकिटात ठेवा. दोन वर्षांनी त्याच गाडीला आणखी एक स्लीपर जोडायचा झाला, तर नवीन रीळ त्या तुकड्याशेजारी पेटवून बघूनच विकत घ्या.